धुऱ्याचा दगड जागेवरच होता

या, जरा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि ही हकिकत अर्धी ऐकून भागणारी नाही. बुवा अजून चहा घेतायत, पखवाजाला कणीक लावायची राहिलीय, तेवढ्यात सांगून होईल. आमच्या गावातली एक बाई गेली. दरडीनं गेली, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मी सांगतो.

१

आमच्या तालुक्याच्या वाशीकडून बालाघाटाच्या कडेकडेनं येताना सीताफळांचा एक डोंगर लागतो, त्याच्या पायाशी आमचं बोरखडा. डोंगर म्हणायचा आपला; कोकणातली माणसं बघतील तर हसतील. इथं दरड कोसळंल असं कुणी म्हणालं असतं तर आम्हीही हसलो असतो. आम्हाला पाऊस पडत नाही याचीच सवय. तो पडायला लागला की आम्ही नुसते बघत बसतो.

त्या भाद्रपदात तो थांबलाच नाही. तरी सप्ताह मांडला. शेवटच्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळात काल्याचं कीर्तन उभं राहिलं. अख्खं गाव आत. वरली आळी, म्हणजे अगदी डोंगराला चिकटलेली घरं, तीही कुलपं घालून आलेली. माझ्या गळ्यात वीणा होती. बुवांनी गवळणींची गोष्ट नुकती रंगात आणली होती, आणि ट्रकमधून खडी ओतावी तसा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

मग सगळे पळाले. मी पळालो नाही. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, आणि माझ्या हातून घ्यायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून मी तसाच उभा राहिलो. दारात चपला, आत दहीहंडीचा दोर आणि मी. तेव्हा माझी नजर बायकांच्या बाजूला खांबापाशी गेली. ती जागा कस्तुराबाईची. आण्णासाहेबाची बायको. उभ्या आयुष्यात तिनं काल्याचं कीर्तन चुकवलं नव्हतं. बाळंतीण होती तेव्हासुद्धा देवळाच्या ओट्यावर बाळ घेऊन बसली होती.

जागा माणसं पळाल्यामुळं रिकामी नव्हती. तिथं सकाळपासूनच कुणी बसलं नव्हतं. तिचं घोंगडीचं बसकर घडीच्या घडीतच होतं.

वरली आळी गेली. घरं गेली, माणसं वाचली, कारण माणसं कीर्तनात होती. सगळे हेच म्हणत होते, देवानं वाचवलं. मग उजेड कमी व्हायच्या आत कस्तुराबाई सापडली. ती घराच्या ढिगात नव्हती. पार वर, डोंगर जिथून तुटला तिथंच जरा खाली, चिखलात होती. शेजारी खुरपं. आणि मुठीत दोरी घट्ट वळलेली.

आण्णासाहेबानं खाली वाकून तिच्या मुठीतनं दोरी सोडवली. कुणीतरी विचारलं, काय आहे म्हणून.

"दावं हाय," तो म्हणाला. आणि दोरी कोपरीच्या खिशात घातली.

आण्णासाहेबाच्या दावणीला दोन वर्षांपासून जनावर नव्हतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण त्या वेळी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

२

चौथ्या की पाचव्या दिवशी जिल्ह्याच्या कचेरीतून एक बाई आल्या. नाव दीपमाला. डोंगर कुठला पडेल, पडला तर किती माणसं, किती घरं जातील, आणि ते आधीच सावरायला काय खर्च येईल, असा अंदाज बांधायचं त्यांचं काम. इथं मात्र अंदाज बांधायला काही उरलं नव्हतं. बोरखड्यात धोक्याची सूचना मिळायची सोय असताना ती का मिळाली नाही, एवढं शोधायला त्या आल्या होत्या. उतरल्या माझ्याकडं. आमच्या घरी एक खोली कोरडी होती.

पहिल्या दिवशी त्या डोंगरावर जाऊन आल्या आणि ओट्यावर बूट काढत म्हणाल्या, "काका, हा डोंगर आतून कुजलेला आहे."

"दगूड कुजतो व्हय?"

"आपल्यासारख्या उन्हाच्या मुलखात कुजतो. वरून ऊन, मग पाणी, पुन्हा ऊन. काळा खडक भुसभुशीत होतो, त्याचाच मुरूम. आणि मधे एक लाल मातीचा पट्टा आहे, तो भिजला की साबणासारखा. वरचं सगळं त्याच्यावरून सरकलं." त्यांनी मोज्यातला चिखल झटकला. "पण असं एकदम सरकत नाही. आधी हळूहळू सरकतं. महिनाभर तरी. ते कळायला पाहिजे होतं."

ते कळावं म्हणून केलेली सोय तुम्हाला सांगतो. आदल्या उन्हाळ्यात इंद्रजित नावाचा एक तरुण साहेब पाहणीला आला होता. डोंगराच्या माथ्याला त्याला एक भेग दिसली. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतातच, आम्ही म्हणालो. तो म्हणाला, ही तसली नव्हे. भेगेच्या वरच्या अंगाला एक पक्का कातळ होता. त्याच्यावर त्यानं रंगानं फुली मारली. खालच्या अंगाला एक जुना दगड होता, घागरीएवढा, अर्धा पुरलेला. त्याला चुना लावला. फुलीपासून दगडापर्यंतचं अंतर दर शुक्रवारी मोजायचं आणि फोनवर कळवायचं. अंतर वाढायला लागलं तर डोंगर सरकतोय, आळी रिकामी करायची. इतकं सोपं.

मोजायचं काम बशीरकडं दिलं. भेगेखालची उताराची पट्टी त्याचीच, शेळ्या घेऊन तो रोज तिथं असायचा. आणि बशीरनं दर शुक्रवारी कळवलं होतं: अंतर तेवढंच. शेवटच्या शुक्रवारीसुद्धा, तेवढंच.

आता गाव काय म्हणणार? बशीर वर गेलाच नाही. शेळ्या सोडून झाडाखाली झोपला आणि घरबसल्या फोन करत राहिला. आण्णासाहेबानं तसा अर्ज दिला होता. वाशीचे फौजदार मॅडमच्या अहवालासाठी थांबले होते. अहवालात बशीरचं नाव आलं की ते त्याला घेऊन जाणार होते. गावानं तेवढीही वाट बघितली नाही. बशीरच्या घरचं दूध डेअरीवर कुणी घेईना.

मी मॅडमना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"पावसाळ्यात चांगली जमीनसुद्धा जरा फुगते, जरा बसते," त्या म्हणाल्या. "बोटभर इकडं, बोटभर तिकडं. इतकं सारखं अंतर खरं नसतं, काका."

म्हणजे बशीर खोटं बोलला होता. मला तसंच वाटलं. जेवण पुढं होतं, ते मी खाल्लं. काय खाल्लं ते आठवत नाही.

३

दुसऱ्या दिवशी इंद्रजित साहेब आला. आमच्या ओट्यावरच बसला. चहा घेईना.

"मी सगळं रीतसर केलं होतं, मॅडम. देवळात सभा घेतली. एकेकाला समजावून सांगितलं. सरपंच होते, आण्णासाहेब होते, हे काका होते."

मी होतो. मान हलवली.

"लोखंडी खुंट्या का नाही ठोकल्या?" मॅडमनी विचारलं.

"ठोकल्या होत्या. भंगारवाल्यांनी आठवड्यात उपटून नेल्या. मग म्हटलं, इथलीच एखादी वस्तू निवडावी जिला कुणी हात लावणार नाही. तो दगड धुऱ्याचा होता."

धुरा म्हणजे दोन रानांच्या मधली हद्द. कातळ ते दगड आण्णासाहेबाचा माळ, दगडाच्या खाली बशीरची पट्टी. आमच्याकडं सख्ख्या भावाशी बोलणं टाकतील, पण धुऱ्याच्या दगडाला पाय लागला तर वाकून नमस्कार करतील. तो सरकवणं म्हणजे मोठं पाप, आणि सरकला तर जागेवर ठेवणं हे पुण्याचं काम, असं लहानपणापासून कानावर पडलेलं.

"कुणी हात लावत नाही म्हणून तर निवडला," इंद्रजित पुन्हा म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हतं. तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता.

मग आला वीरप्पा. मुरुम गावाकडचा कंत्राटदार, डोंगराच्या पायथ्याशी खणून रस्त्याच्या कामाला भर नेणारा. गडी बोलका. एरवी गावात आला की पोरीबाळींनासुद्धा चहा पाजणारा. त्या दिवशी दारातच उभा राहिला.

"बाईसाहेब, पहिलंच सांगतो. लोक म्हणत्यात वीरप्पानं दगड हलवला."

"कोण म्हणतं? मी तर आत्ता ऐकतेय."

"अय्यो शिवा. मग मीच माझ्या तोंडानं सांगितलं की!"

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी त्याला बसायला पाट दिला. "अंतर वाढलं असतं तर तुमचं खणणं बंद पडलं असतं. दगड वर सरकवून ठेवण्यात तुमचा फायदा होता."

"व्हता. कबूल. पण मशीन मी पोळ्याच्या आधीच नेलं. चिखलात रुतलं असतं. काम बंदच व्हतं, मग दगड कशापायी हलवू? आणि एक सांगू? वर चढायचं म्हणजे ह्या पोटाला जमतंय का?"

"पायथा तुम्ही पोखरलात. तो खड्डा अहवालात येणार."

वीरप्पानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "येऊ द्या. यायलाच पाहिजे. माझी झोप गेलीया तवापासनं."

तो गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "काका, एक गोष्ट ध्यानात आली का? बशीर गेलाच नाही, असं सगळे म्हणतायत. आणि हा म्हणतो, दगड हलवला असंही लोक म्हणतायत. बशीर मोजायला जातच नसेल, तर दगड हलवायची कुणाला गरज? बशीरकडं चला."

४

बशीर अंगणात बाजेवर बसला होता. उठला नाही. एरवी मी दिसलो की लांबून "आवो वीणेकरी" म्हणणारा माणूस. सप्ताहात देवळाच्या पायरीवर बसून कीर्तन ऐकायचा, आणि बुवा चुकले तर मला खुणेनं सांगायचा.

"बशीरभाई, तुम्ही वर जात होता का?" मॅडमनी सरळ विचारलं.

"मी सांगून काय फायदा मॅडम? मी गेलो म्हणतो, मोजलं म्हणतो. मग आक्का कशी मेली?" कस्तुराबाईला तो आक्का म्हणायचा. "तेवढंच व्हतं. अल्ला कसम तेवढंच व्हतं. मला तर वाटाया लागलंय, मला टेप वाचता येत न्हाय."

"फोटो काढायचा का?"

"साहेब म्हणले व्हते काढ, म्हणून काढायचो. कुणी मागितलेच न्हायत."

त्यानं फोन दिला. मॅडमनी बाजेच्या कडेला टेकून एकेक फोटो बघितला. फुलीवर टेपचं एक टोक, चुन्याच्या दगडावर दुसरं. प्रत्येक शुक्रवारचा. एकात ऊन, एकात धुकं, एकात छत्रीचा कोपरा, एकात शेळीचं तोंड. माणूस घरबसल्या असले फोटो काढू शकत नाही. बशीर गेला होता. दर शुक्रवारी गेला होता. आणि अंतर खरंच तेवढंच होतं.

मी म्हणालो, "मग डोंगर सरकलाच नव्हता म्हणायचा?"

मॅडम पहिला फोटो आणि शेवटचा फोटो आळीपाळीनं बघत राहिल्या. मग फोन माझ्यापुढं धरला.

"दगड बघू नका, काका. दगडाच्या मागचं झुडूप बघा."

सीताफळाचं झुडूप. उन्हाळ्यातल्या फोटोत त्याची फांदी चुन्याच्या दगडावर टेकलेली. पुढच्या फोटोंत ती दगडापासून सुटली. मग वीतभर दूर. शेवटच्या फोटोत दगड आणि झुडूप यांच्यामधून शेळी जाईल एवढी फट.

"झाड चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "जमीन सरकत होती. झुडूप जमिनीबरोबर खाली गेलं. दगडही जायला हवा होता. पण दर शुक्रवारी तो आपल्या जागेवर."

"म्हणजे कुणीतरी..."

"कुणीतरी दर आठवड्याला तो उचलून परत ठेवत होतं. बरोबर त्याच अंतरावर. डोळ्याच्या अंदाजानं नाही, मापानं. आणि बघा, सगळीकडं गुडघाभर गवत, दगडाभोवती ताजी उकरलेली माती. आणि हे."

चुन्यावर हळदकुंकवाची बोटं होती. उन्हाळ्यातल्या फोटोत नव्हती. पावसातल्या प्रत्येक फोटोत होती, आणि प्रत्येकात ताजी.

बशीर म्हणाला, "मला वाटलं कुणी पुजा करतंय. मी टेप बघायचो मॅडम. मला टेप बघाया सांगितली व्हती."

५

बेगमबी, बशीरची बायको, चुलीपाशी बसून हे ऐकत होती. चुलीत जाळ नव्हता. नुसतीच बसली होती. मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या.

"वर कोण कोण जायचं?"

"ये जातात. दुसरं कोण जाणार पावसात." मग थांबून, "आक्का जायची. बेस्तरवारी."

"दर गुरुवारी? गवताला?"

"हातात खुरपं असायचं. पण येताना भारा न्हाय, काय न्हाय. मी एकदा चेष्टा केली, आक्का, आज गवत रुसलं काय? तर म्हणाली, देवाला पाणी घालून आले. वर कुठला देव? मी काय बोलणार, बडी औरत."

"बशीरभाई कशाला मोजतात, ते त्यांना ठाऊक होतं?"

बेगमबीनं चुलीतली राख सारखी केली. "तिनं विचारलं व्हतं मला. बशीर दर जुम्म्याला टेप घेऊन वर काय करतो गं? मी म्हटलं, धुऱ्याचा दगड मोजतात. साहेबानं सांगितलंय."

"आणि साहेबानं का सांगितलं?"

"मला काय माहीत? मर्दांची बात. मी विचारलं न्हाय, यांनी सांगितलं न्हाय." तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. "मी सांगितल्यावर आक्का गप झाली. तिचं तोंड एकदम उतरलं. मग म्हणाली, मोजू दे गं. मोजलेलं बरं असतं."

मॅडम उठल्या. अंगणात आल्या आणि मला म्हणाल्या, "काका, कस्तुराबाईंच्या हातात ती दोरी होती. ती कुठंय?"

"आण्णासाहेबाकडं. दावं होतं ते."

"त्यांच्याकडं गाय आहे?"

तेव्हा मला ते आठवलं. मी तिथंच उभा राहिलो. वीणा घेऊन उभा होतो ना, तसाच.

६

वरल्या आळीचा मुक्काम शाळेत होता. वर्गात सतरंज्या, फळ्यावर अजून कुणाचं तरी गणित. आण्णासाहेब खिडकीखाली बसला होता. दाढी वाढलेली. मॅडमनी बशीर आणि बेगमबीलाही बोलावलं. बशीर दारातच थांबला. आण्णासाहेबानं त्याच्याकडं बघितलं नाही. इंद्रजित भिंतीला टेकून उभा. मी खालीच बसलो.

"आण्णासाहेब, दोरी द्या," मॅडम म्हणाल्या.

"कसली दोरी?"

"तुमच्या खिशात आहे ती."

त्यानं काढून दिली. मळकी, जुनी अंबाडीची, एका बाजूला गाठ. मॅडमनी पिशवीतून टेप काढली. दोरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि गाठीपर्यंत मापली. मग आकडा इंद्रजितला दाखवला.

इंद्रजितनं एकदा बघितलं, आणि पुन्हा बघितलं. "हेच अंतर आहे," तो म्हणाला. "फुली ते दगड."

मॅडमनी टेप पिशवीत ठेवली.

"बशीरभाई खोटं बोलले नाहीत," मॅडम म्हणाल्या. त्या कुणावर आवाज चढवत नव्हत्या. हळूच, एकेक वाक्य ठेवत होत्या. "वीरप्पांनी दगडाला हात लावला नाही. दगड कस्तुराबाई हलवत होत्या. नाही, हलवत नव्हत्या, जागेवर ठेवत होत्या. पावसानं जमीन खाली सरकायची, दगड तिच्याबरोबर जायचा. कातळापासून दूर गेला म्हणजे तुमचा माळ वाढला आणि बशीरभाईंची पट्टी कमी झाली. कस्तुराबाईंना ते दिसलं. कुणीतरी धुरा सरकवतंय असं त्यांना वाटलं. त्याच सुमाराला बशीरभाई दर शुक्रवारी टेप घेऊन वर जायला लागले. म्हणजे त्यांनाही संशय आलाय, असं त्या समजल्या. म्हणून त्यांच्या मोजणीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, त्या वर जायच्या. दोरीनं मोजून दगड परत ठेवायच्या. हळदकुंकू लावायच्या, दगडाला हात लावल्याची क्षमा मागायला असेल. काल्याचा दिवस गुरुवार होता. आदल्या रात्री पाऊस जास्तच झाला होता. दगड बराच सरकला असणार. कीर्तनाला जायच्या आधी तेवढं करून येऊ, असं त्यांनी ठरवलं असेल."

"कीर्तन सोडून वर का गेली हे मला कळंना झालं व्हतं," आण्णासाहेब पुटपुटला. "म्हणली, तुमी व्हा पुढं. म्या आलेच."

"एकच मला कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "ही दोरी कुठली? आणि दगड कोण सरकवतंय असं त्यांना वाटत होतं?"

आण्णासाहेबानं फळ्याकडं बघितलं. मग बोलला. त्याचा आवाज मी तेवढा सपाट कधी ऐकला नव्हता.

"दगूड म्या सरकवला व्हता. लग्न नवं व्हतं. तिच्या अंगाची हळद उतरली नव्हती. बशीरच्या बापाला कळलं. पंच बसले. कातळापसनं दोरीनं मापलं, गाठ मारली, दगूड मागं ठिवला. अन् दोरी माझ्याच घरात ठिवायला सांगितली. ज्यानं सरकवला त्याच्या नजरंम्होरं राहावी म्हणून. तिनं ती देवाऱ्याच्या खाली ठिवली. रोज दिवा लावताना दिसायची. तिला. मला काय दिसती? तिच्या मुठीत बघितली तवा वळखली, अन् लाजंनं दावं म्हणलो." थांबला. "तिला वाटलं, म्या पुन्हा सरकवाया लागलो."

"तुम्हाला विचारलं नाही त्यांनी?"

"न्हाय."

"आणि तुम्ही सभेला होता. भेगेचं, मोजणीचं, तुम्हाला सगळं सांगितलं होतं. घरात सांगितलं नाही?"

"घरात काय सांगायचं त्यात?" आण्णासाहेब म्हणाला. म्हणून झालं आणि मग ते वाक्य त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्यानं डोळे मिटले.

मॅडम इंद्रजितकडं वळल्या. "सभेला बायका किती होत्या?"

इंद्रजितनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. "एकबी नव्हती. देवळात होती ना सभा. पुरुषांची."

"डोंगरावर गवताला, सरपणाला कोण जातं?"

त्याचंही उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. बेगमबी दाराशी उभी होती, तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

"अहवालात एक रकाना असतो," मॅडम म्हणाल्या. "हे टळलं असतं तर काय खर्च आला असता. भिंत बांधायला इतका, पाणी काढून द्यायला इतका, घरं हलवायला इतका. आता मी काय लिहू? दुसरी एक सभा. दुपारची, बायकांची." त्यांनी दोरी गुंडाळून आण्णासाहेबाच्या हातात परत दिली.

आण्णासाहेबानं ती घेतली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा दाराकडं बघितलं.

"बशीर," तो म्हणाला, "फौजदाराला फोन लाव. माझा अर्ज मागं घ्यायचाय. मला नंबर दिसत न्हाय."

बशीर आत आला. त्याच्या शेजारी सतरंजीवर बसला. फोन काढला, पण लावला नाही. "आण्णा," तो म्हणाला, "आक्काला वाटलं, मी तुमच्यावर शक घेतोय. एक बार जरी विचारलं असतं ना मला. मी म्हटलं असतं, आक्का, मी डोंगर मोजतोय. दगूड न्हाय."

मग त्यानं नंबर लावला आणि फोन आण्णासाहेबाच्या कानाला धरला. कुणीतरी सगळ्यांना चहा दिला. तो तसाच गार झाला.

७

बशीरचं दूध दुसऱ्या दिवसापासून डेअरीवर घेऊ लागले. कुणी त्याची माफी मागितली नाही, आणि त्यानंही कुणाला ती मागा म्हटलं नाही. वीरप्पाच्या खड्ड्याचं काय करायचं ते कचेरी बघतेय. वरली आळी आता गायरानात हलायची आहे. डोंगराची जी बाजू उभी राहिलीय तिच्यावर नवी खूण आहे. या वेळी दगड नाही. कातळात काचेच्या पट्ट्या बसवल्यात. जमीन जरा हलली की काच तडकते. काच बघायला बेगमबी जाते, आणि तिच्याबरोबर आळीतल्या दोघीतिघी. मॅडमनी सभा घेतली ती याच देवळात, दुपारची. मी दाराशी बसून ऐकली. काच तडकली तर काय करायचं ते आता आमच्यातल्या प्रत्येक म्हातारीला पाठ आहे.

देवानं वाचवलं, असं गाव म्हणतं. मीही म्हणतो; कीर्तनाच्या पायी आळी वाचली हे खोटं नाही. पण ज्या बाईनं जन्मात एक कीर्तन चुकवलं नाही तिनं ते एकदाच चुकवलं, आणि तेही नवऱ्याचं पाप निस्तरायला, जे त्यानं या खेपेला केलंच नव्हतं. हे मी देवाला विचारलंय. तो अजून काही बोललेला नाही. मी वीणा घेऊन उभा राहतो, विचारतो, आणि पुढं चालू ठेवतो.

बघा, बुवा उठले. पखवाजावर थाप पडली. तुम्ही इथं पहिल्यांदा आलाय म्हणून सांगतो. बायकांच्या बाजूला त्या खांबापाशी एक घोंगडीचं बसकर दिसेल, घडी न मोडलेलं. तिथं कुणी बसलं तर आम्ही उठवत नाही. पण तुम्ही घरी गेलात, आणि कधी कुणी तुमच्या रानात, तुमच्या डोंगरावर काही मोजायला आलं, तर ते कशासाठी मोजतायत ते त्याच दिवशी घरातल्या बाईला सांगा. आणि सांगताना आमच्या कस्तुराबाईची आठवण काढा.